नावनिशी

आमच्या घरी देवघराच्या कोनाड्यात लाल खारव्यात बांधलेली एक वही असे. तिला घरात कोणी वही म्हणत नसे. ती 'अक्षतांची यादी'. आजोबांनी ती सौंसरास घर बांधले त्या वर्षी बोरूने लिहून काढली होती. घरात कार्य निघाले म्हणजे पहिली अक्षता माहूरच्या रेणुकेच्या नावाने बाजूस काढावयाची, दुसरी गावच्या मारुतीपुढे ठेवावयाची, आणि मग ही यादी उघडावयाची, असा क्रम होता. तीत माणसांची नावे थोडी आणि गावांची फार. मोहगावची वाट, पांढुर्ण्याची वाट, नरखेडची वाट, सावनेरची वाट अशा वाटांनी गावे मांडलेली असत, कारण अक्षता घेऊन निघालेल्या दमणीला त्याच क्रमाने जावयाचे असे. प्रत्येक वाटेच्या शेवटी आजोबांचे ठरलेले दोन शब्द येत : 'व वाडीसुद्धा'.

या दोन शब्दांनी आमच्या हातून एकदा मोठा प्रमाद घडविला. तो सांगण्यापूर्वी एका निराळ्याच ग्रंथाविषयी थोडे लिहिणे प्राप्त आहे.

आमच्या वडिलांनी नागपुरास सीताबर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगातून मराठी बायबलाची एक प्रत आणली होती. ती पुष्कळ वर्षे कपाटात पडून राहिली. उतारवयात, एका चातुर्मासात, आम्ही ती वाचावयास घेतली. सृष्टीची उत्पत्ती, जलप्रलय, मिसर देशातून इस्राएल लोकांची सुटका हा भाग कथेच्या ओघात वाचून झाला. पुढे यहोशवाचे पुस्तक लागले. त्याच्या पूर्वार्धात युद्धे आहेत. मध्यावर आल्यावर मात्र कथा थांबते आणि गावांची नावे सुरू होतात. कोणत्या कुळाला कोणते गाव, कोणती शीव कोणत्या ओढ्यावरून कोणत्या टेकडीकडे वळते, हे अध्यायामागून अध्याय चालते. एकट्या यहूदा कुळाच्या वाट्याला शंभराहून अधिक गावे आहेत. दक्षिणेचा ओसाड मुलूख, पश्चिमेचा सखल प्रदेश, डोंगर आणि रान अशा चार भागांत ती मांडलेली आहेत. प्रत्येक गटाच्या अखेरीस गावांची बेरीज देऊन, ही नगरे आणि त्यांची खेडी, अशा अर्थाचे ठरलेले शब्द येतात. वाटून दिलेल्या भूमीला मराठी भाषांतरकारांनी 'वतन' हा शब्द योजिला आहे. आपल्याकडच्या वाचकास त्याचे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

प्रथम आम्ही ती पाने उलटून पुढे गेलो, हे कबूल केले पाहिजे. पारायणास बसलेला भाविकसुद्धा नावांच्या जंत्रीशी येऊन पोहोचला म्हणजे आवाज चढवितो आणि गती वाढवितो, हे आपण देवळात पाहतोच. भीष्मपर्वात भारतवर्षातील नद्यांची व जनपदांची लांबच लांब नामावळी आहे. ती किती श्रोते कान देऊन ऐकतात? परंतु त्याच महाभारतात वृकस्थल, माकंदी, वारणावत अशी नावे घेऊन पांडवांनी पाच गावे मागितली आणि ती मिळाली नाहीत म्हणून पुढले सगळे घडले, ही गोष्ट कोणीही विसरत नाही. पाचवे गाव तर त्यांनी, कोणतेही द्या, असे म्हणून मोकळेच सोडले होते. नावे तीच रुक्ष, पण त्यांच्यामागे कोणाचा तरी जीव अडकलेला असला की श्रोता सावध होतो. यहोशवाच्या पुस्तकात जीव कोणाचा अडकला आहे, हे आम्हांस ठाऊक नव्हते, एवढेच.

या मासिकाच्या देवळावळीत वाढलेल्या वाचकांपुढे परधर्मीयांच्या ग्रंथातील याद्या कशास, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर आम्ही गोव्याच्याच मुखाने देतो. सासष्टी हे नाव 66 गावांवरून आणि तिसवाडी हे 30 वसाहतींवरून आले, असे परंपरा सांगते. दोहोंची बेरीज 96 कुळे. सह्याद्रिखंडात परशुरामाने वसविलेल्या कुळांची आणि त्यांच्या गावांची जी मांडणी आहे, तिच्यावर पंडितांचे वाद पुष्कळ. गेर्सन द कुन्हा यांनी 1877 साली मुंबईस त्या ग्रंथाची प्रत छापून काढली, तेव्हापासून ते चाललेच आहेत. ग्रंथ एका हातचा नाही आणि एका काळचा नाही, हे आता बहुतेक मान्य आहे. पण कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास गेली, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास गेला, हे सोळाव्या शतकातले स्थलांतर ज्यांच्या घरी अद्याप जिवंत आहे, त्यांना 'मूळ गाव कोणते' या प्रश्नाचे महत्त्व आम्ही सांगावे असे नाही. येथे एक विलक्षण प्रकार आहे. 1567 साली सासष्टीत देवळे पाडण्यात आली. देवळांच्या जमिनी कोणकोणत्या, हे पोर्तुगीज अमलाने गावोगाव टिपून घेतले, ते त्या जमिनी काढून घेण्यासाठी. आज कोणत्या गावात कोणते दैवत होते हे शोधू पाहणाऱ्यास त्याच नोंदींकडे जावे लागते. घेण्यासाठी लिहिलेली यादी ज्यांचे घेतले त्यांची साक्ष होऊन बसली.

इस्राएल लोकांच्या यादीचीही कहाणी याच जातीची दिसते. ती वाटणीच्या वेळी, म्हणजे फार प्राचीन काळी, लिहिली गेली असे ग्रंथ म्हणतो. आल्ब्रेख्ट आल्ट या जर्मन पंडिताने 1925 साली निराळा विचार मांडला. त्याच्या मते यहूदाच्या गावांची ही मांडणी राज्यकारभाराच्या दप्तरातली आहे. योशीया राजाच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वी सातव्या शतकात, राज्याचे जे परगणे होते त्यांची ती नावनिशी होय. पुढे 1956 साली क्रॉस आणि राइट या दोघा अमेरिकन अभ्यासकांनी तिला आणखी दोन शतके मागे नेले. काळाविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. पण दप्तराचा वास त्या पानांना आहे, हे आमच्यासारख्या पटवाऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसास चटकन पटते. बेरजासुद्धा दप्तरात चुकाव्या तशा चुकलेल्या आहेत. दक्षिणेकडच्या गटाखाली 29 असा आकडा आहे आणि नावे मोजली तर ती तिसाच्या पुढे जातात. मागाहून कोणी गावे घातली आणि बेरीज दुरुस्त करावयास विसरला, असे दिसते. आमच्या आजोबांच्या वहीतही असे दोन ठिकाणी आहे.

मग कर गोळा करण्यासाठी केलेली यादी पवित्र ग्रंथात कशी जाऊन बसली? आमची समजूत अशी आहे की राज्य गेले म्हणून. इसवी सनापूर्वी 587 च्या सुमारास बाबेलच्या राजाने यरुशलेम पाडले आणि तेथील पुष्कळ लोकांस धरून नेले. गाव हातात असताना गावाची यादी ही सरकारी कामाची वस्तू असते. गाव हातचे गेल्यावर तीच यादी रोज उघडून वाचाविशी वाटते. परतलेल्यांची गणती एज्राच्या पुस्तकात दिली आहे, तीत कित्येकांस बापाच्या नावाने न मोजता गावाच्या नावाने मोजले आहे : बेथलेहेमचे 123, नटोफाचे 56, अनाथोथचे 128, यरीहोचे 345. दोन पिढ्या परमुलखात काढूनही माणसे अनाथोथकर आणि यरीहोकरच राहिली होती. त्याच अध्यायात अशीही माणसे आहेत की ज्यांना आपले कूळ दाखविता येईना. याजकांपैकी काहींची नावे वंशावळीच्या नोंदीत सापडली नाहीत, म्हणून त्यांना याजकपदावरून दूर ठेविले. नोंदीत असणे आणि नसणे यांत केवढे अंतर असते ते तेथे दिसते.

'कर' हा प्रत्यय आम्ही सहज जोडला असे वाचकांनी समजू नये. आपल्या कोकणात अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यास आपले पूर्वज गलबत फुटून लागले असे सांगणारे बेने इस्राएल लोक आहेत. शनिवारी तेल गाळीत नसत म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांनी आपल्या आडनावांत कोकणातली गावेच्या गावे साठवून ठेविली : किहीमचे केहीमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर, दिव्याचे दिवेकर, अशी नावे शंभराहून अधिक सांगतात. हायीम शामुएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या समाजाचा इतिहास लिहिला. तो 1937 साली तेल अवीव येथे छापला गेला. 1948 नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशात गेली. ज्या भूमीतील गावांची यादी त्यांच्या धर्मग्रंथात होती तेथे ती पोहोचली, आणि दारावरची पाटी मात्र रायगड जिल्ह्यातल्या खेड्याची घेऊन गेली. मराठीतले एक नियतकालिकही त्यांनी तेथे चालविले. त्याचे नाव 'मायबोली'.

आता सौंसराकडे वळावे. आमच्या मुलखाच्या गावांची यादी दगडा-तांब्यावर नाही असे कोणी म्हणू नये. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या 29 व्या राज्यवर्षातला एक ताम्रपट पांढुर्ण्यास मिळाला आहे. त्याहून आम्हांस जवळचा वाटतो तो वर्धा जिल्ह्यात देवळीस सापडलेला, राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याचा शके 862 चा, म्हणजे इसवी सन 940 चा ताम्रपट. रा. गो. भांडारकरांनी तो वाचून प्रसिद्ध केला. त्यात नागपुर-नंदिवर्धन या विभागातले एक गाव दान दिले आहे आणि त्याच्या चतुःसीमा सांगितल्या आहेत. दक्षिणेस कन्हना नदी आहे, पश्चिमेस मोहमग्राम, उत्तरेस वध्रीर. कन्हना ही आमची कन्हान. मोहमग्राम हे मोहगाव आणि वध्रीर हे त्याच्या जवळचे बेरडी, असे अभ्यासक म्हणतात. ज्या मोहगावास अर्धनारीश्वराच्या दर्शनाला आम्ही लहानपणी दमणीत बसून जात असू, ते गाव हजार वर्षांपूर्वी एका राजाने शेजारी म्हणून साक्षीस उभे केले होते. मौज अशी की दान दिलेल्या गावाचे नाव या भागात आमच्या कानावर कधी आले नाही. साक्षीदार तेवढे ओळखीचे निघाले. पॅलेस्टाइनात 1838 साली एडवर्ड रॉबिन्सन हा प्रवासी असाच खेड्यापाड्यांतून नावे विचारीत हिंडला. अरब शेतकऱ्यांच्या तोंडी बेतीन, अनाता, मुखमास ही नावे त्याने ऐकली आणि ग्रंथातले बेथेल, अनाथोथ, मिखमाश त्याला सापडले. धर्म बदलला, भाषा बदलली, आणि नांगर धरणाऱ्याने नाव सोडले नाही.

मात्र ज्या यादीने आमचे आयुष्य फिरविले ती ताम्रपटावरची नव्हे. राज्यपुनर्रचनेच्या 1956 सालच्या कायद्यात जुन्या मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जावयाचे जिल्हे नावानिशी दिले आहेत : बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा. नावे आठच. छिंदवाडा त्यांत नव्हता आणि सौंसर तहसील छिंदवाड्यात होती. त्या नोव्हेंबरात आम्ही आठ वर्षांचे होतो. वडिलांनी वर्तमानपत्रातली ती नावे बोटाने मोजली, पुन्हा मोजली, आणि पत्र घडी करून ठेवून दिले. घरात कोणी रडले नाही किंवा भांडले नाही. संत्र्याच्या बागा तेथेच होत्या, पोळा तोच होता, पोळ्याच्या पाडव्यास जाम नदीच्या काठी पांढुर्णा आणि सावरगाव यांची गोटमार तशीच होत राहिली. नागपुराहून येणारी लहान गाडी सावनेर, केळवद, लोधीखेडा करीत सौंसरास पूर्वीसारखीच थांबे. ती 2015 साली बंद होईपर्यंत थांबत होती. केवळ नरखेडची वाट आणि सावनेरची वाट या आता परराज्यात जात होत्या.

1961 सालच्या उन्हाळ्यात आमच्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले. आजोबांची वही जीर्ण झालेली, म्हणून तिची नवी प्रत करण्याचे काम आमच्याकडे आले. आमचे अक्षर बरे होते. दोन दुपारी बसून आम्ही ती उतरविली. एका वाटेच्या शेवटी 'व वाडीसुद्धा' लिहिले, टाक दौतीत बुडविला, मान वर करून पुन्हा वहीकडे पाहिले, आणि दृष्टी पुढच्या 'व वाडीसुद्धा'वर जाऊन पडली. मधल्या चार ओळी गेल्या. त्यांत भारसिंगी होती, मोवाड होते आणि जलालखेडा होते. जलालखेड्यास आमची आत्या असे. तरुणपणी विधवा झालेली, दिराच्या घरी राहिलेली, माहेरच्या कार्यास वर्षातून एकदा येणारी.

अक्षता गेल्या नाहीत. भारसिंगीचे आणि मोवाडचे नातलग, यादी असो वा नसो, कानावर आले म्हणून आले. आत्या आली नाही. मांडव उतरल्यावर वडील स्वतः जलालखेड्यास गेले. तिने पाणी दिले, चहा केला, आणि निघताना विचारले, "माह्यं गाव दुसऱ्या राज्यात गेलं म्हून खोडलं का गा, दादा?" वडिलांनी मुलाची चूक म्हणून सांगितले. तिला ते खरे वाटले किंवा कसे, आम्हांस कधी कळले नाही. आमच्यावर कोणी हात उगारला नाही. वडिलांनी जुनी वही पुढे ठेवली आणि त्या चार ओळी आमच्याकडून नव्या वहीत समासात लिहून घेतल्या.

पुष्कळ वर्षांनी यहोशवाच्या पंधराव्या अध्यायाविषयी वाचताना आम्ही एका ठिकाणी थबकलो. यहूदाच्या डोंगराळ भागातील गावांत एक गट हिब्रू प्रतीत नाहीच. इसवी सनापूर्वी ग्रीक भाषेत जे भाषांतर झाले त्यात तो आहे, अकरा गावे. नकल करणाऱ्याची दृष्टी एका गटाच्या अखेरच्या 'नगरे आणि त्यांची खेडी' या शब्दांवरून दुसऱ्या गटाच्या त्याच शब्दांवर गेली आणि मधला गट गळाला, असे विद्वान मानतात. गळालेल्या अकरांत बेथलेहेम आहे. दावीद राजाचे जन्मगाव! पुढे ख्रिस्ती लोकांनी ज्याला आपले आद्य तीर्थ मानिले ते गाव त्याच्याच कुळाच्या वतनाच्या यादीत सापडत नाही, आणि कारण म्हणावे तर कोणा लेखनिकाची एक दुपारची पेंग. आम्हांस त्या लेखनिकाविषयी जे वाटले ते विद्वानांच्या ग्रंथात मिळणार नाही. त्याच्या बेथलेहेमात त्याची कोणी आत्या नसावी, अशी आशा मात्र आम्ही केली.

त्याच याद्यांत स्त्रियांचीही एक गोष्ट आहे, ती आत्यामुळेच आमच्या ध्यानात राहिली. सलाफहाद नावाच्या माणसाला मुलगा नव्हता. महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा अशा पाच मुली होत्या. बापाचे नाव कुळातून का जावे, आम्हांस वाटा द्या, असे त्यांनी सर्वांसमक्ष उभे राहून मागितले, आणि त्यांना वाटा मिळाला. ही नुसती कथाच असेल, असे म्हणावयास जागा होती. परंतु 1910 साली शोमरोनच्या उत्खननात तेल व द्राक्षारस यांच्या पोचपावत्या लिहिलेल्या खापऱ्या निघाल्या. त्या इसवी सनापूर्वी आठव्या शतकातल्या. माल जेथून आला त्या ठिकाणांच्या नावांत नोआ आणि होग्ला ही दोन्ही आहेत. मुलींची नावे मुलखाला पडली होती, किंवा मुलखाची नावे कथेत मुली होऊन आली होती. दोन्ही मते आहेत. आम्हांस पहिले आवडते. आमच्या आत्याचे नाव वहीत नव्हते. तिच्याऐवजी 'जलालखेडा' होते, आणि तेवढाच तिचा माहेरचा वाटा होता.

ती पुढे आमच्या लग्नास आली. मांडवात वही मागवून घेऊन, "आमचं कुठी हाय?" म्हणाली. तिला वाचता येत नव्हते. आम्ही समासातली ओळ दाखविली. तिने तीवर बोट ठेवले, थोडा वेळ तसेच राहू दिले, आणि मग आहेराचे पुडके सोडावयास बसली.

तीही गेली आणि ती पिढीही गेली. मोवाड 1991 सालच्या जुलैत वर्धेच्या पुरात गेले, दोनशेहून अधिक माणसे गेली. उरलेल्यांनी नव्या जागी घरे बांधली आणि गावाला नाव तेच ठेविले, म्हणून यादीत फरक करावा लागला नाही. 2023 साली पांढुर्णा निराळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात गेले; आमच्या पत्त्यातली एक ओळ बदलली. गेल्या माघात नातीचे लग्न झाले. नातवाने निमंत्रणे मोबाइलवरून एका दुपारीच पाठविली, आणि वही हातात घेऊन तो विचारू लागला की आजोबा, जलालखेड्यास आता आपले कोणीच नाही, घर विकून वीस वर्षे झाली, हे नाव ठेवू की काढू?

आम्ही त्याला मूठभर अक्षता कागदात बांधून दिल्या. तो मोटारसायकल घेऊन सकाळी निघाला, जलालखेड्याच्या मारुतीपुढे त्या ठेवल्या, आणि दिवेलागणीच्या आत परत आला.